राजाची दाढी

नाटक कंपनीत तिला सगळे ताई म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला दिवेवालाही ताईच म्हणायचा, कारण तिच्या खुर्चीत बसल्याशिवाय कुणाला रंगमंचावर जाता येत नसे आणि तिच्याशी वाकडं घेतलं की भुवया वाकड्या होतात अशी सगळ्यांची समजूत होती. समजूत खोटी नव्हती. एका दरबाऱ्याने एकदा तिच्या चहाला नावं ठेवली, तर पुढचे चार प्रयोग तो एक भुवई कपाळात घालून दरबारात उभा होता.

जिन्याखालची खोली हा तिचा रंगपट. एक मोठा आरसा, त्याच्या कडेने बल्ब, त्यातले दोन कायमचे गेलेले. लाकडी ठोकळ्यांवर केसांचे टोप, फडताळात मिशा आणि दाढ्या. दाढी चिकटवायचा गम ती विकत आणत नसे. राळ कुटून, स्पिरिटात विरघळवून स्वतः करायची. बोटावर थेंब घ्यायचा, अंगठ्याने दाबून सोडायचा. बारीक तार निघाली की गम जमला. एकवीस वर्षांत तिने लावलेली दाढी भर प्रयोगात सुटलेली नव्हती.

त्याआधी ती स्वतः नाटकात काम करायची. त्यांच्या घरचं एक जुनं राजाचं नाटक होतं, कंपनी त्याच्यावरच जगत होती. म्हातारा राजा किल्ल्याच्या किल्ल्या विश्वासाने मुलीच्या हाती देतो, मुलगी शत्रूला दार उघडते आणि तिसऱ्या अंकात राजा रिकाम्या सिंहासनासमोर जमिनीवर येतो. राजा तिचे बाबा करायचे, कंपनीही त्यांचीच; फितूर मुलगी ही. नऊ वर्षं केली तिने. मग रंगभूषा करणारा माणूस कंपनी सोडून गेला आणि बाबा म्हणाले, "महिनाभर सांभाळ. घरचं माणूस असलेलं बरं." तो महिना अजून संपलेला नव्हता.

धाकटा भाऊ तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला तिने कडेवर खेळवला, शाळेत पोचवला, आणि पुढे राजाची वाक्यंही त्याच्याकडून तिनेच पाठ करून घेतली, याच खोलीत, टोप विंचरता विंचरता. एका वाक्यावरून ती बाबांशीही भांडली होती. राजा फितूर मुलीला म्हणतो, 'शत्रूला मी ओळखलं असतं गं. दारात तू होतीस, म्हणून तलवार घरातच राहिली.' बाबा हे दोन्ही हात आभाळाकडे फेकून गर्जत. ताईचं म्हणणं होतं, हे हळू म्हणायचं. पोटच्या पोरीला माणूस असं ओरडून सांगत नाही. बाबा म्हणाले, "शेवटच्या रांगेने तिकीट काढलेलं असतं, ताई. तू मिशा बघ."

बाबांचे गुडघे गेले तेव्हा तालमीच्या खोलीत सगळ्यांना गोल बसवून त्यांनी सांगितलं, "राजा आता धाकटा करेल." हे सगळ्यांना ठाऊकच होतं. ताई वाट पाहत होती ती पुढच्या वाक्याची. आता नाटक कोण बसवणार? कोण कुठे उभा राहतो, कुठे श्वास घेतो, सगळं तिला झोपेतही सांगता आलं असतं. बाबा म्हणाले, "आणि यापुढे बसवेलही तोच." मग तिच्याकडे वळून, "ताई, त्याच्या जबड्याचं माप घे."

तिने माप घेतलं. धाकट्याचा जबडा बाबांपेक्षा अर्धं बोट रुंद भरला, तेवढ्यानेही तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं ती मनाशी म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. त्याचा तिला हेवा वाटायचा. त्याच्या आवाजाचा, त्याच्या खांद्यांचा, बाबांनी त्याला मुकुटाची पेटी देताना ती आधी सदऱ्याने पुसली त्याचा. तिला देताना बाबांनी कधी काही पुसलं नव्हतं. वाईट एवढंच की तो गोड होता. रोज येऊन विचारायचा, "ताई, आज कसं झालं?" उद्धट असता तर तिला सोपं गेलं असतं.

पहिला प्रयोग दुपारचा होता. सकाळीच ती रंगपटात आली, दार लावलं आणि गमच्या बाटलीत दुप्पट स्पिरिट ओतलं. बोटावर थेंब घेऊन पाहिला. तार निघाली नाही. तिसऱ्या अंकापर्यंत घाम येईल, राजाची दाढी लोंबेल, लोक हसतील, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांना कळेल की त्यांनी नाटक चुकीच्या हाती दिलं. फितुरी कशी करायची हे तिला नऊ वर्षांच्या कामाने पाठ होतं. पण जळकं डोकं हिशेब अर्धाच करतं. दाढी पडली तर लोक नावं कुणाला ठेवतील, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

धाकटा खुर्चीत बसला. त्याचे हात गार पडले होते. "ताई, तू विंगेतच थांब हं," तो म्हणाला. ती "हं" म्हणाली आणि त्याच्या उजव्या गालाला तो पातळ गम लावला. मग हात थांबला. डावीकडे तिने जुन्या बाटलीच्या तळाचा घट्ट गम लावला. दया आली म्हणा, भीती वाटली म्हणा. अर्धी फितुरी तरी झालीच.

तिसऱ्या अंकात ती विंगेत उभी होती. दिव्यांच्या झोतात उजव्या कानाखाली दाढीची कड उचललेली तिला दिसली. 'पडू नकोस,' ती त्या दाढीलाच मनात म्हणाली. पण कड आणखी सुटली. धाकट्यालाही ते कळलं. आता हात आभाळाकडे फेकायचे होते, गर्जायचं होतं, आणि तोंड मोठं उघडलं असतं तर अर्धी दाढी छातीवर आली असती.

त्याने उजवा हात जबड्यावर ठेवला. तसाच खाली बसला. आणि गाल धरून, ओठ जेमतेम हलवत, हळू म्हणाला, "शत्रूला मी ओळखलं असतं गं. दारात तू होतीस, म्हणून तलवार घरातच राहिली."

शेवटच्या रांगेतही चुळबुळ नव्हती. बऱ्याच वेळाने टाळी सुरू झाली आणि थांबेना. ताईने तशी टाळी त्या नाटकात कधी ऐकली नव्हती, बाबांनाही नाही. वाक्य अगदी तिला हवं तसं झालं होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून झालं, त्याचं दुःख तिला दाढीच्या दुःखापेक्षा मोठं वाटलं.

प्रयोग संपल्यावर तो येऊन खुर्चीत बसला. ती स्पिरिटाच्या बोळ्याने उरलेली दाढी सोडवू लागली. त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"एकवीस वर्षांत तुझा गम सुटला नाही, ताई. आज सुटला, तोही एकाच बाजूने."

तिने बोळा पुन्हा स्पिरिटात बुडवला.

"ते वाक्य तू सांगत होतीस तसंच म्हणायचं असतं," तो म्हणाला. "बाबांसमोर माझी छाती होत नव्हती. उद्यापासून उजवी बाजू अशीच सुटू दे."

त्याने दोन शब्द सुनावले असते तर ती भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती. माफ करण्यातही हा पुढेच, तिच्या मनात आलं, आणि तिला त्याचाही हेवा वाटला.

तेवढ्यात काठी टेकत बाबा आत आले. डोळे ओले होते, आणि ते लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तो गालावरचा हात मी शिकवला नव्हता. कुठून सुचलं रे?"

"ताईमुळे सुचलं, बाबा," धाकटा म्हणाला.

बाबा हसले. "हो, हो. दाढी तिनेच लावली होती ना."

ताईने तोंड उघडलं. वाक्य माझं आहे, हे सांगायचं तर गम कुणी पातळ केला तेही सांगावं लागणार होतं. तिने पातळ गमच्या बाटलीचं बूच घट्ट बसवलं, चिठ्ठीवर 'उजवी बाजू' असं लिहून ती बाटलीला चिकटवली, आणि बाबांना बसायला स्टूल पुढे केलं.