पाऊण भाऊ

माफ करा. मराठी मी फक्त घरात बोललो. शाळा तेलुगू आणि इंग्रजीत झाली. आमच्यातून कॉलेजात गेलेलाही मी पहिलाच. मी काही लिहायला बसावं, हे माझं मलाच जरा जास्तीचं वाटतं. तरी लिहितो.

माझ्या लहान बहिणीला थॅलेसीमिया आहे. दर काही आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो जुळला तर ती बरी होऊ शकेल; प्रत्येक भावंडाचा जुळायचा संभव चारात एक. अक्का, मी आणि धाकटा, तिघांच्या गालातून कापसाच्या काडीने नमुने घेतले.

काचीगुड्याला घरी परतताना बसमध्ये बाबा खुशीत होते. "चारात एक म्हणाले ना? आपली पोरं चार. मग झालंच की!"

मी संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होतो. गप्प राहायला हवं होतं का, अजून ठरत नाही. घरी मी डब्यात चार चिंचोके टाकले, एकाला चुना लावला. डोळे मिटून एक काढायचा, परत टाकायचा, तिघांसाठी तीनदा. पांढरा निघाला तर जुळलं.

बहिणीनेच काढले. पहिल्या डावात एकही पांढरा नाही.

आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"पुन्हा," बहीण म्हणाली.

खूप डाव झाले. कधी शून्य, कधी एक, क्वचित दोन. मी सरासरी काढली. "तीन भावंडं, प्रत्येकी पाव. पाऊण येतं."

"पाऊण भाऊ?" बहीण हसली. "याचा पाय कापायचा का?"

"ए, नक्को!" धाकट्याने पाय पोटाशी घेतले.

मी चाचरत सांगितलं, की पाऊण कुठल्याच डावात येत नाही. ती पुष्कळ घरांची मिळून सरासरी. आपल्याला डाव एकच.

"म्हणजे कुणाचंच नाही जुळलं, असंही होतं?" बाबांनी विचारलं.

"होतं. शंभरात बेचाळीस घरांत तरी."

"हौ," ते म्हणाले आणि डब्याला झाकण लावलं.

आधी अक्काचा रिपोर्ट आला. नाही जुळला. बाबांनी मला बाजूला घेतलं. "आता तुम्हा दोघांचा संभव वाढला असेल ना, बेटा?"

"नाही, बाबा. प्रत्येकी पावच."

बाकीच्या रिपोर्टांचा फोन आला तेव्हा मी सिकंदराबादला, कॉलेजच्या जिन्यात होतो. हातात आले त्या क्रमाने बाबा रिपोर्ट सांगत होते.

"तुझं नाही जुळलं."

मी पायरीवर बसलो.

"वाईट वाटून घेऊ नको," ते म्हणाले. मी एखाद्या परीक्षेत नापास झाल्यासारखा त्यांचा आवाज होता. मग कागद उलटल्याचा आवाज आला.

"धाकट्याचं जुळलंय. पूर्ण."