लखीरामच्या पदकावरचे कान

लखीराम राठोड सैन्यात अठरा वर्षं खेचरं हाकत होता. तांड्यावर मात्र ‘मिलिटरीत होता’ एवढंच सांगितलं जायचं, आणि ऐकणारे आपापल्या मनानं त्याच्या हातात बंदूक देऊन मोकळे व्हायचे. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांना पोचवलं, लखीरामनं खेचराच्या पाठीवर तोफगोळे लादून डोंगरावर पोचवले. घराण्याचा धंदा तोच, फक्त जनावर बदललं.

नव्व्याण्णवच्या लढाईला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा जुन्या खेचरवाल्यांच्या मंडळानं आठवण म्हणून एक पदक काढलं आणि टपालानं पुसद तालुक्यातल्या त्या तांड्यावर पाठवलं. त्यावर बर्फाचा डोंगर होता आणि डोंगर चढणारं जनावर. पदक घरभर हातोहात फिरलं. पोरीनं, वर्षानं, चारी बाजूंनी फोटो काढले. लखीराम चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की हा घोडा आहे.

त्यात काय बिघडलं, हे कोणाला कळेना. लखीरामनं बोट ठेवून दाखवलं: आखूड कान, दांडगी मान, झुबकेदार शेपूट. असला घोडा त्या चढावर दुसऱ्याच वळणाला बसला असता. पंधरा ऑगस्टला शाळेत हेच पदक लावून त्याचा सत्कार व्हायचा होता. लखीरामनं जाहीर करून टाकलं की खोटं जनावर आपण छातीवर लावणार नाही.

शाळेतले अश्वजित सर समजूत घालायला आले. भला माणूस, पण समजावायला लागले की थांबायचं नाव नाही. पदकावरचं जनावर म्हणजे ते जनावर नसतंच, ती खूण असते, असं त्यांनी सांगितलं. इंग्रजांच्या जुन्या पदकांवर सिंह म्हणजे ते स्वतः. टिपूला हरवलं तेव्हा त्यांनी सिंहाखाली वाघ लोळवला, ब्रह्मदेश जिंकला तेव्हा सिंहापुढे हत्ती गुडघ्यावर बसवला. तसा घोडा म्हणजे शौर्य. लखीरामनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“अन् सर, या सगळ्यायचं सामान वाहणारा कोणत्या पदकावर हाय?”

सरांनी चहा संपवला आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी लखीराम पुसदला घनश्याम सोनाराकडे गेला. चांदीचे दोन लांब कान वळायचे आणि घोड्याच्या डोक्यावर डाग देऊन बसवायचे, असलं काम सोनारानं जन्मात केलं नव्हतं. घोडा गाढवासारखा दिसेल, हे त्यानं इमानदारीत आधीच सांगितलं. लखीराम म्हणाला, दिसू द्या, त्याचा बाप गाढवच होता.

सत्काराच्या दिवशी पाहुण्यांनी पदक लावता लावता ते निरखून पाहिलं आणि माइकवरच विचारलं, की हे गाढव कसलं? पोरं खदखदून हसली. लखीरामनं उभ्या आयुष्यात भाषण केलं नव्हतं. त्यानं पाहुण्यांच्या हातातून माइक घेतला.

“खेचर हाय साहेब. बादल नाव होतं त्याचं. गोळा पडला अन् तो बसला, तो उठलाच नाही. मी त्याच्या पाठीवरच्या पेट्या सोडल्या, माह्या पाठीवर घेतल्या अन् वर गेलो. वरचे लोक वाट पाहून राह्यलते. तवा त्याचा जीव गेला नवता. मी थांबलो नाही.”

मग तो सगळ्यांसमोर रडला. पंचवीस वर्षांचं रडू होतं, आवरणार कुठून?

समोर बसलेली त्याची बायको बसंतीबाई ऐकून सुन्न झाली. लढाईहून परत आल्यावर ‘बादल गेला’ एवढंच बोलून नवरा दोन दिवस जेवला नव्हता, आणि पुढं त्यानं तो विषय कधी काढला नव्हता. तिनं बादल हा पंजाबकडचा कोणी जवान धरला होता. दिवाळीच्या अमावस्येला तांड्यावर घरोघर पितरांच्या नावानं चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप-गूळ-भात वाहतात. बसंतीबाई सासू-सासऱ्यांचे घास टाकून झाले की दरसाल एक घास गुपचूप बादलच्या नावानं टाकत आली होती.

घरी जाताना तिनं हे सगळं नवऱ्याला सांगितलं. लखीराम वाटेतच थांबला.

“आधी सांगाचं ना,” ती म्हणाली. “पंचवीस वर्सं त्याले भातच टाकून राह्यली मी. चणे टाकले असते.”