खुर्चीतून उठा, मगच ऑपरेशन!

मी भंडाऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे कॅन्सरचे म्हातारे पेशंट येतात, ऑपरेशनच्या महिनाभर आधी. अंगात स्नायूच उरले नसतील तर ऑपरेशननंतर माणूस उठतच नाही, म्हणून आधी ताकद कमवायची. काम एवढंच, पण किस्से! फायलींना कपाट तरी आहे, हे कुठे ठेवू?

शहापूरच्या सखारामभाऊंची धानाची शेती. त्यांना सांगितलं, रोज दोन अंडी खा. महिन्याने आले, तर वजन अजून उतरलेलं!

"भाऊ, अंडी?"

"कोंबडीखाली ठेवले ना मॅडम! खाल्ले असते त संपले असते. आता अकरा पिल्लं हायेत!"

माझं डोकंच फिरलं.

जवाहरनगरच्या कारखान्यातले एक रिटायर्ड काका मात्र शिस्तीचे. व्यायामाचं हजेरीपत्रक, रोजची सही. फक्त रविवार कोरे.

"वीकली ऑफ," म्हणाले.

"स्नायू झिजायचे थांबतात का रविवारी?"

काकांनी विचार केला. "त मंग ओव्हरटाइम लिहून द्या!"

आणि आमच्या गिरजाबाई. वय बाहत्तर, आतड्याचा कॅन्सर. जन्मभर हातमाग चालवलेले पाय, आता नुसत्या काड्या. सर्जन म्हणाले, "हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठल्या तरच ऑपरेशन. नाहीतर जिवाला धोका आहे." बाई तिसऱ्यालाच धापा टाकायच्या.

"कायले छळून राहिली वो मले?"

घरी तर व्यायामाचं नावच नाही. मला खरंच भीती वाटायला लागली.

एक दिवस त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सोबत आले. वय ऐंशी, म्हणून मागे राहिलेले; बाई आधीच येऊन खुर्चीत बसलेल्या. दारात त्यांची काठी वाजली मात्र, बाई डोक्यावर पदर घेऊन ताडकन उभ्या! हात न टेकता! भासऱ्यांपुढे बसायचं नसतं ना!

मी त्यांना बाजूला घेतलं. "आजोबा, रोज दहा वेळा बाहेर जाऊन घरात यायचं."

"अन् माहे गुडघे कोण पाहील?"

पण आले. रोज. ते आले की बाई उठायच्या, गेले की बसायच्या. महिन्याने बाईंनी अकरा वेळा उठून दाखवलं. ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करायला गेले. पलंगाच्या कडेला कसंबसं बसवलं. पुढे हलेनात.

"नाही होत बाई. मरू दे मले."

मला रडूच आलं.

तेवढ्यात वॉर्डच्या दारात काठी वाजली. बाईंचा हात पदर शोधायला लागला. दवाखान्याच्या गाऊनला कुठला पदर! त्यांनी चादरच डोक्यावर ओढली, माझा खांदा धरला आणि उभ्या राहिल्या.

आजोबांनी पाहिलं. डोळे पुसले. वळून बाहेर गेले, आणि परत आत आले.