दहा मिनिटांचा अंबाडा

बालवर्गाच्या बाईंना शाळेत सगळे 'छोट्या बाई' म्हणत. उंची हे एक कारण. दुसरं म्हणजे, एकोणीस वर्षांत त्यांना वर्गात उभं राहिलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. मुलं जमिनीवर, म्हणून बाईही जमिनीवर. गुडघ्यांनी तक्रार केली, बाईंनी ती दाखल करून घेतली नाही.

यंदा नियम आला. पुढच्या वर्षापासून पदविका असेल तीच वर्ग चालवणार, बाकीच्यांनी मदतनीस व्हायचं. म्हणजे आपल्याच वर्गात दुसऱ्या बाईंच्या हाताखाली नाकं पुसायची. पदविकेची फी बाईंच्या आवाक्याबाहेरची. मात्र एक संस्था सात जणींची फी भरणार होती. त्यासाठी अर्जासोबत शिकवतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ हवा होता.

कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने वर्गात मोबाइल बाकावर टेकवून ठेवला आणि ती बाहेर जाऊन बसली. संध्याकाळी दोघींनी पाहिलं तर तेवीस मुलांची तोंडं आणि खालच्या कडेला एक अंबाडा.

"काकू, यात तू आहेस कुठं?"

"आवाज येतोय की."

चौथ्या मिनिटाला अंबाडाही गेला. एका मुलीला हाताला धरून बाई चित्राबाहेर पडल्या. तिची चड्डी ओली झाली होती. तिकडे कपडे बदलणं, फरशी पुसणं चाललेलं, आणि बाई सांगत होत्या त्या गोष्टीतला हत्ती मात्र थांबला नाही. तो झाडावर चढू लागला. बावीस माना छताकडे.

"हत्ती कधी झाडावर चढतो का गं?" पुतणी हसून लोळायची बाकी होती. "हे पाठवलंस तर झालंच तुझं कल्याण. उद्या परत काढू."

दुसऱ्या दिवशी बाई इस्त्रीचे कपडे घालून फळ्याजवळ उभ्या राहिल्या. मुलं पाहुण्यांसारखी गप्प. शेवटी एकाने विचारलंच, "बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात?"

व्हिडिओ मात्र नामी आला होता. बाई पूर्ण दिसत होत्या, अगदी चपलांसकट. अर्जाची मुदत पाचपर्यंत होती. साडेचारला बाई म्हणाल्या, "पहिला पाठव."

"काकू, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"दुसऱ्यात मी रागावलेली दिसते."

पुतणीने कपाळाला हात लावला आणि पहिला पाठवला.

पंधरा दिवसांनी संस्थेतल्या एका बाईंचा फोन आला. आवाज करडा. "तुम्ही दिसत नाही, ते राहू द्या. हत्ती झाडावर का चढवलात?"

छोट्या बाई ओशाळल्या. "त्या मुलीचे कपडे बदलायचे होते हो. हत्ती खालीच राहिला असता तर सगळी तिच्याकडंच बघत बसली असती."

पलीकडून कागदावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. मग "बरं" म्हणून फोन ठेवला गेला. पुतणीने त्या 'बरं'चे चार अर्थ लावले, चारही वाईट.

पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापिका ते हातात नाचवतच वर्गात शिरल्या आणि दारातूनच मोठ्याने वाचू लागल्या. निवड झाली होती. फी संस्था भरणार होती. पण समोर नुसती मुलंच दिसत होती.

"अहो बाई, आहात कुठं? ऐकताय ना?"

बाई बाकामागे बसून कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होत्या.

"वाचा हो," त्या म्हणाल्या, "आवाज येतोय."