सासूबाईंची पिन्यानोना

माझ्या सासूबाई, दोन्या ओतिलिया, दर शनिवारी पिन्यानोनाच्या वेलीची पानं पुसायच्या. वाटीत पाणी, त्यात चमचाभर दूध आणि जुन्या सदऱ्याचा मऊ तुकडा. तान्ह्या बाळाचं डोकं धरतात तसं पान एका तळहातावर घ्यायचं आणि देठाकडून टोकाकडे पुसत जायचं. मी लग्न होऊन कोआतेपेक गावातल्या या घरात आले तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं.

"सासूबाई, सासऱ्यांना कधी एवढ्या प्रेमानं पुसलंत का?"

"ते कधी नवं पान काढून दाखवायचे का?"

मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारून ओसरीत नेलं. डुकराच्या चरबीच्या जुन्या डब्यातून पिन्यानोना वर चढली होती आणि शेंड्याला सुरळी होऊन बसलेलं पान उलगडत होतं. अजून धड उघडलंही नव्हतं, कुठल्या किड्यानं त्याला तोंड लावलं नव्हतं, तरी त्यात भोकं होती. कडा कापलेल्या, आणि त्याही अशा की कात्रीवाल्यानं मान खाली घालावी.

"ही कोण कापतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. आतूनच ठरवून येते."

त्यानंतर मी त्या झाडाला कधी हसले नाही.

आमच्याकडे झाड मागत नाहीत. मागून आणलेलं रुजत नाही, चोरून आणलेलं रुजतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याला मनातून द्यायचं असतं तो पाठ फिरवून उभा राहतो, बस. सासूबाईंनी स्वतः हे रोप लग्नाच्या दिवशी आईच्या वेलीवरून चोरलं होतं. आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि पोरगी बाहेर पडेपर्यंत वळली नाही. आईचं शेवटचं दर्शन झालं ते पाठीचं, कारण वर्षाच्या आत ती गेली.

पण सासूबाई? त्यांनी जन्मात कुणाकडे पाठ केली नाही. बायका ओसरीत आल्या की सासूबाई पिन्यानोनासमोर खुर्ची टाकून बसायच्या. तरी शेजारच्या दोन्या एर्मेलिंदानं डाव साधलाच. सासूबाईंच्या वाढदिवसाला घर माणसांनी भरलेलं असताना तिनं एक फांदी उडवली. दुसऱ्या दिवशी मक्याच्या गिरणीवर, भर रांगेत, सासूबाई तिला "चोरटी" म्हणाल्या. तेव्हापासून दोघींमध्ये एकच भिंत आणि शब्द नाही. तिच्या घरची साय गावात सगळ्यात चांगली, पण आमच्या घरी ती यायची नाही.

मागच्या हिवाळ्यात उत्तरेकडचं वादळ आलं आणि ओसरीचं छप्पर कौलांसकट पिन्यानोनावर कोसळलं. खोड चेचलं गेलं. वर आठवडाभर झिमझिम थांबेना. सासूबाई रोज थोडं थोडं कापून पाहायच्या, कुठेतरी हिरवं लागेल म्हणून. पार बुडापर्यंत काळंच निघालं.

गल्लीतल्या बायका बाजारातून रोपं घेऊन आल्या. माझा नवरा तर माणसाच्या उंचीचं एक झाड पाठीवर घालून आला.

"ही कुणाची कोण?" सासूबाई म्हणाल्या. "हिच्यात माझी आई कुठंय?"

शनिवारी त्या दूधपाण्याची वाटी मांडीवर घेऊन रिकाम्या डब्यापुढे बसल्या. पुढच्या शनिवारीही. खाणं चिमणीएवढं झालं. मला भीती वाटायला लागली आणि राग तर त्याहून जास्त आला.

"भिंतीपलीकडे आहे तुमची आई," मी एकदा तडकून बोलले. "जा आणि आणा."

"त्या चोरटीकडे मागू?"

"मागायला कुठं सांगतेय मी?"

सासूबाई उठल्या आणि सुरीला धार लावायला बसल्या.

ठरलं असं, की मी साय घ्यायला जायचं, एर्मेलिंदाला स्वयंपाकघरात बोलण्यात गुंतवायचं आणि सासूबाईंनी मागून ओसरीत शिरायचं. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थबकले. पिन्यानोनानं ती सगळी ओसरी व्यापली होती. खांबावरून आढ्यापर्यंत, आढ्यावरून परत खाली. पानं अशी, की एकाखाली दोन पोरं झोपावीत. वरून पारंब्या सुटल्या होत्या, मनगटाएवढ्या जाड, आणि अंगणातल्या हौदात उतरून पाणी पीत होत्या. आमची होती तिच्या चौपट. आणि एकाही पानावर धुळीचा कण नाही. जवळ गेल्यावर दुधाचा पुसट वास आला. मला देवळात शिरल्यासारखं वाटलं.

एर्मेलिंदा चुलीपाशी होती. दुधाचं पातेलं तापत होतं. मी सायीचं विचारलं, तिच्या गुडघ्याचं विचारलं. दारावर सावली पडली. ओसरीत सासूबाई आल्या होत्या, शालीखाली सुरी धरून. पण त्या कापेचनात. एका पानाखाली तळहात धरून नुसत्या उभ्या होत्या, तोंड वर करून, आणि गाल ओले.

एर्मेलिंदानं मान जरा वळवली. तिनं पाहिलं, हे मी पाहिलं. मग तिनं चुलीकडे तोंड फिरवलं.

दूध चढायला लागलं. पातेलं उतरवायचं फडकं दाराजवळच्या खिळ्याला होतं, ते घ्यायचं तर वळायला हवं. मी उठले, तशी तिनं माझं मनगट पकडलं.

"बस."

"अहो, दूध..."

"बस म्हटलं ना."

दूध उतू गेलं. चुलीत चर्र झालं, करपट वास घरभर पसरला. जिच्या हातून आयुष्यात दूध उतू गेलं नव्हतं, ती बाई पाठ करून तशीच उभी राहिली. सासूबाईंनी तो वास घेतला, चुलीपुढची ती पाठ पाहिली आणि मग कुठं सुरी चालवली.

पावलं बाहेर गेल्यावर एर्मेलिंदानं हळूच विचारलं, "पेरासकट घेतली का गं? नुसतं पान नेलं तर रुजायचं नाही."

"पेरासकट," मी म्हणाले.

रोप त्याच डब्यात लावलं. कितीतरी दिवस ते मुकाट होतं. मग एका सकाळी पेरातून हिरवं टोक आलं, आणि सासूबाईंनी स्वतःहून मक्याच्या दोन तॉर्तिया जास्त मागितल्या.

त्याच दिवशी गिरणीवर आम्ही रांगेत होतो. एर्मेलिंदा पुढे होती. मागे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बायांनो, माझी पिन्यानोना कुणीतरी चोरली हो!"

सासूबाईंनी मक्याची बादली या हातातून त्या हातात घेतली.

"चोरटे फार माजलेत हल्ली," त्या म्हणाल्या.

"माजू देत. रुजली का, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

"रुजली," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी ये. पानं पुसताना माझी पाठच असते दाराकडे."