संपत भोई आणि समुद्राचा इशारा

संपत भोयाला गाव भित्रा म्हणून हसलं. त्याला भित्रा मी केलं होतं. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आमचं गाव अंबड तालुक्यात, गोदेच्या काठावर. गोदेला आम्ही गंगाच म्हणतो. पलीकडे जायचं तर संपतची नाव. बुटका, काळाकुळकुळीत, फटकळ तोंडाचा माणूस. भर पुरात अडलेली बाई त्यानं पैलतीरी पोचवली होती आणि त्याची फुशारकी कधी मारली नव्हती. शाळेत मी एकटाच मास्तर, गावात ट्रान्झिस्टरही माझाच. संध्याकाळच्या बातम्यांना संपत माझ्या ओट्यावर हजर.

एकदा रेडिओ म्हणाला, आंध्रच्या किनाऱ्यावर वादळाची शक्यता, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. संपतनं विचारलं, "गुरुजी, हे आपल्याला लागू हाये का?"

मला थट्टेची लहर आली. "म्हणजे काय! आपली गंगा त्याच समुद्राला मिळते. तिकडचं वारं पात्रातून उलटं वर चढतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं नाव सोडली नाही. मग तसा इशारा आला की नाव बांधलेलीच. संपत म्हातारपणी पाण्याला भ्याला, असं लोक म्हणू लागले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. खरं सांगायचं राहून गेलं, असं म्हणणं सोपं आहे. मी सांगितलं नाही.

शहात्तरच्या नोव्हेंबरात पुन्हा इशारा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराज आपल्या लेकीला, प्रभावतीला, घेऊन घाटावर आला. बौद्धवाड्यातली मॅट्रिक झालेली पहिली पोरगी. त्याच दिवशी बीडला नर्सच्या ट्रेनिंगची मुलाखत होती, आणि पलीकडून आठची एसटी. शहागडच्या पुलावरून वळसा घालायचा तर नऊ कोस. पाणी परातीतल्यासारखं निवांत होतं.

"न्हाई," संपत म्हणाला. "पोरीबाळीचा जीव हाये. रेडिओनं बराबर सांगितलंय. मी बिलकुल सोडणार न्हाई."

मी तोंड धुवायला आलो होतो. धर्मराज माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी तरी सांगा की त्याला."

एक वाक्य पुरे होतं. पण सरपंच होते, आणखी चार-पाच जण होते. त्यांच्यादेखत स्वतःचा खोटेपणा कबूल करायचा? मी म्हणालो, "पाण्यातलं त्याला जास्त कळतं. ऐका त्याचं."

थोड्या वेळानं पैलतीरावर एसटीचा धुरळा दिसला. प्रभावतीनं पिशवी उचलली आणि घरी गेली. पुढच्या आठवड्यापासून ती आईबरोबर रोजानं कापूस वेचायला जाऊ लागली.

तिकडे आंध्रात होड्या बुडाल्याची बातमी आली. ती ऐकून धर्मराज माझ्या ओट्यावर आला. बरोबर प्रभावती आणि संपत. धर्मराजच्या धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा.

"लई उपकार झाले. नाव सोडली असती तं लेक गेल्ती माझी."

"माझं काय त्यात," संपत म्हणाला. "मी अडाणी. समुद्राचं वारं गंगेतून वर चढतं, हे गुरुजींनीच शिकवलं."

धर्मराजनं मला हात जोडले. त्याच्यामागे प्रभावती उभी होती. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, मला भूगोल तुमीच शिकवला व्हता."

धर्मराजनं सोगा पुढे केला, आणि मी शेंगा घेतल्या.