तंबूतलं गुटगुटीत बाळ

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात घनसावंगीत तंबूचा सिनेमा आला, तेव्हा लालबी पन्नाशीला टेकली होती. ती आमच्या गावची सुईण. नवरा बदरोद्दीन भांड्यांना कल्हई लावायचा आणि लालबी बायकांची बाळंतपणं करायची. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली. बाळंतीण अडली की लालबीची जात कुणाला आठवत नसे. बारशाच्या पंगतीला मात्र सगळ्यांना बराबर आठवायची. लालबीला ते कळत होतं. ती बोलून दाखवायची, आणि पुढच्या वेळी बोलावणं आलं की चपला घालून निघायची.

सरकारनं तिला दाईचं शिक्षण देऊन कात्री-साबणाची एक पत्र्याची पेटी दिल्ती. त्या पेटीचा तिला भारी तोरा. "मी सर्कारी हाय," असं ती कुणालाही ऐकवायची. सरकारवर तिचा विश्वास असा की सरकारनं उद्या उलटं चालायला सांगितलं असतं, तरी ती पेटी घेऊन उलटी चालली असती.

तंबूत मधोमध कनात लावून बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे बसायचे. सिनेमा सुरू होण्याआधी सरकारी समाचारचित्र दाखवायचे: धरण, मंत्री, हार, टाळ्या. ते संपलं की श्वास घ्यायलाही न थांबता पडद्यावर एक जाहिरात यायची. ही जाहिरात आहे, हे कुणी सांगत नसे. एक बंगला, त्यात गोरीपान बाई, तिच्या पलंगावर लोण्याच्या गोळ्यासारखं गुटगुटीत बाळ. पांढरा कोट घातलेला डॉक्टर येतो, बाळाच्या छातीला नळी लावतो आणि हसतो. मग एक डबा गोल गोल फिरत मोठा होतो, त्याच्यातून किरणं निघतात आणि कुणीतरी हिंदीत दोन ओळी गातं. संपलं. डबा कुणी उघडला नाही. त्यात काय आहे ते दिसलं नाही. किती घ्यायचं, पाणी कसलं, बाळ किती महिन्यांचं, आईला दूध असलं तर काय करायचं, यातलं एक अक्षर नाही. मुंबईत कुणा शहाण्यानं थंड खोलीत बसून ही करामत केली असेल आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली असेल. किरणं मात्र झकास होती.

आमच्याकडच्या लोकांनी त्याचे हवे तसे अर्थ लावले. कडूबा गवंड्याला वाटलं, सिनेमा इथूनच सुरू झालाय. हे बाळ जत्रेत हरवणार आणि मोठं होऊन हिरो होणार, म्हणून तो शेवटपर्यंत वाट बघत बसला. बाहेर आल्यावर विचारतो कसा, "ते बाळ कोण झालं रे मोठं होऊन?" दुसऱ्या एकाला वाटलं, डब्यात पलंगाचं पॉलिश आहे. लालबीनं दोघांनाही वेड्यात काढलं.

"डोळे फुटले काय तुमचे? डाक्टर दिसला न्हाई? आधी मंत्री आला, मंग डाक्टर आला. सर्कारनं पाठवलंय ते. पोरांना ताकद यायची दवा हाय."

मंत्र्याच्या मागून आला म्हणजे डॉक्टरही सरकारी, हा तिचा हिशेब. तंबूतल्या बहुतेक बायकांचाही तोच होता. कंपनीलाही तो चुकीचा वाटला नसता.

त्याच महिन्यात संपत शिंद्याची बायको कौसल्या बाळंत झाली होती. पहिलाच मुलगा. लेकरू बारीक होतं, पण चांगलं चिवट होतं, आणि कौसल्याला दूध भरपूर होतं. संपतची आई मालनबाई मात्र रोज किरकिर करायची, "पोराच्या अंगावर मास न्हाई." लालबी बाळाला न्हाऊ घालायला आली, तेव्हा मालनबाईनं तिलाच विचारलं.

"तंबूतला डब्बा आणा," लालबी म्हणाली. "सर्कारी हाय. बिलकुल फिकीर न्हाई."

संपतनं पेठेतून डबा आणला. त्यावर तेच बाळ छापलेलं. खाली सगळा मजकूर इंग्रजीत होता आणि संपत मराठी चौथी झालेला. डबा महाग, म्हणून तो पुरवून पुरवून वापरायचा असं ठरलं. वाटीभर विहिरीच्या पाण्यात चिमूटभर दुधाची पूड. पांढरं दिसलं की झालं. बाटली बाळाला सोपी गेली, त्यानं आईला ओढायचं सोडलं. कौसल्याचे पदर ओले व्हायचे, मग तेही थांबलं. मालनबाई खुश होती, कारण लेकरू आता रडत नव्हतं.

रडायला त्याच्यात जीवच उरला नव्हता. लालबी शेजारच्या गावचं बाळंतपण उरकून परत आली, तेव्हा संपत तिला दारातच भेटला. "मावशी, लेकरू नुसतं पाणी हागून राह्यलंय." तिनं घरात जाऊन बाळाच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू खड्ड्यासारखी खोल गेल्ती. तिनं चुलीजवळची वाटी उचलून वास घेतला, त्यातलं बोटाला लावून चाखलं आणि विचारलं, "हे काय पाजलं?"

"डब्बा," कौसल्या म्हणाली. "तुमीच सांगितल्ता ना?"

लालबीनं वाटी उपडी केली आणि बाळाला उचललं. ती म्हणाली, "जल्दी चल. बस धरायची."

जालन्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं आणि लेकरू वाचलं. तिथला डॉक्टर तिघांवर खेकसला, "डब्यावर सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं! वाचता येत नाही?" नाही येत, साहेब. हे गावाला माहीत होतं, दुकानदाराला माहीत होतं, कंपनीलाही पक्कं माहीत होतं. म्हणून तर चित्र मोठं आणि अक्षर बारीक.

घरी आल्यावर दुसरंच अडलं. कौसल्याचं दूध आटलं होतं. लालबी तडक बुद्धवाड्यात गेली. बेबीनंदाची मुलगी चार महिन्यांची होती आणि बेबीनंदाच्या अंगावर दोघांना पुरेल इतकं दूध होतं. "माझं लेकरू काय आन् तिचं काय," म्हणत बेबीनंदा निघालीसुद्धा. पण मालनबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"आमच्या घरात असलं चालायचं न्हाई," ती म्हणाली.

लालबीनं तो डबा कोनाड्यातून काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. "ह्याच्यातलं दूध कोनाच्या हातचं व्हतं गं? कोन्या जातीच्या मानसानं ते आटवलं, डब्यात भरलं, ते इचारलं व्हतं का तू? किरणं बघून पाजलं ना? मंग हट!"

मालनबाई हटली नसती. पण कौसल्या पहिल्यांदाच सासूसमोर बोलली, "आत या बेबीनंदाबाई." बेबीनंदा आत आली आणि बाळ तिला बिलगलं. पुढे तिच्याच सांगण्यावरून कौसल्या बाळाला रोज स्वतःकडेही घेत राहिली आणि महिन्याभरात तिचंही दूध परतलं. मालनबाई तेवढे दिवस देवघराकडे तोंड करून बसायची. देवानं काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

लालबीला मात्र चैन पडेना. बाजाराच्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला ती तंबूत गेली. मंत्री गेला, बंगला आला, आणि डॉक्टर हसायला लागताच ती उठून सरळ पडद्यापुढे उभी राहिली. बाळाचा चेहरा तिच्या लुगड्यावर पडला. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. तंबूचा मालक धर्मराज धावत आला.

"ए बाई, बाजूला हो!"

"आधी सांग, हा डाक्टर सर्कारी हाय का?"

"कसला सरकारी? कंपनीचा नट हाय त्यो. जाहिरात हाय ही. कंपनी पैसे देती, मी दाखवतो."

"मंग तसं वरडून सांगत का न्हाई? माजी जबान गेली ना ह्याच्यापायी! एक लेकरू मरता मरता वाचलं!"

"मी काय सांगू? मला तरी काय कळतंय त्यात," धर्मराज म्हणाला. तो खरं बोलत होता. दाखवणाऱ्याला कळत नव्हतं, बघणाऱ्याला कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो मुंबईत बसला होता.

जाहिरात काही बंद झाली नाही. लालबी मात्र जमेल तेव्हा तंबूत जाऊन बसू लागली. पडद्यावर डबा, बाटली, वडी काहीही फिरायला लागलं की ती ओरडायची, "इकायचं हाय!" हळूहळू सगळ्या बायका ओरडायला लागल्या. पुढे तर धरणावरचा मंत्री दिसला तरी कनातीपलीकडून आवाज यायचा, "इकायचं हाय!" पोलिसपाटलानं धर्मराजला बोलावून तंबी दिली. बायका काही थांबल्या नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीचा एक माणूस जीप घेऊन बाजारात आला. इथल्या बायका दाईचं ऐकतात, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलेलं. तो लालबीला शोधत आला, तिच्या हातात एक डबा आणि बाळाच्या चित्राचं कॅलेंडर दिलं आणि गोड आवाजात म्हणाला, "दाईबाई, तुम्ही सांगितलंत तर बायका विश्वासानं घेतील."

लालबीनं चित्र नीट बघितलं. "साहेब, हे बाळ कोनाचं?"

"असेल मुंबईतल्या कुणाचं तरी. फोटोपुरतं आणतात."

"आन् ह्याला हाच डब्बा पाजत्यात?"

तो हसला. "छे हो, एवढंसं तर आहे. आई पाजत असेल त्याची."

लालबी वळली आणि भर बाजारात, भाजीच्या पाट्यांपासून कल्हईच्या भट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ऐका गं! हे गुटगुटीत बाळबी आईच्याच दुधावर हाय म्हनं! हे साहेबच सांगून राह्यलेत!"

बायका टोपल्या ठेवून जीपभोवती जमा झाल्या. साहेब म्हणत होता, "तसं नव्हे, तसं नव्हे." मग कसं, ते सांगायला तो थांबला नाही. बदरोद्दीननं डब्यातली पूड उकिरड्यावर ओतली, डबा घासून घेतला आणि त्यात कल्हईला लागणारा नवसागर भरून ठेवला.